सुवॉनमधली फुल बॉडी तपासणी: एंडोस्कोपीला पाच तारे, गळ्याच्या सोनोग्राफीला एकही नाही

मनगटावरच्या पट्टीवर माझं नाव मावलं नाही. पासपोर्टवर आडनाव, नाव आणि नवऱ्याचं नाव अशी आपली तीन डब्यांची गाडी. कोरियन लिपीत ती आणखी लांबते. काउंटरवरच्या मुलीने दोनदा प्रिंट काढून पाहिली, मग शेवटचा डबा सोडून दिला आणि दिवसभर मी 'देशिपांदे बायशाल्ली निम' झाले. 'निम' म्हणजे आपलं ताई, साहेब, राव सगळं एकात.

दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये येऊन मला नऊ वर्षं झाली. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. ऑक्टोबर उजाडला की इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो: कंपनीचं 'कॉनगांग गॉमजिन' आलंय, म्हणजे आरोग्य तपासणी, तर कुठे करू आणि ऑप्शनमध्ये काय निवडू? दर वर्षी तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. सेंटरचं नाव देत नाही. पुढे माझी एक तक्रार आहे, आणि ती त्या एका सेंटरपुरती नाही.

आधी चांगलं, कारण चांगलं बरंच आहे. सकाळी साडेसातला आत गेले, पावणेअकराला बाहेर. तेवढ्यात रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, डोळे, कान, दात, पोटाची सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि झोपवून केलेली एंडोस्कोपी. पुण्यात याच गोष्टींसाठी मी तीन ठिकाणी तीन दिवस घालवलेत, वर प्रत्येक ठिकाणी 'मॅडम, सर अजून आले नाहीत'. इथे लॉकर, मोरपंखी गाऊन, रबरी सपाता. पट्टी दाराजवळच्या यंत्राला टेकवायची, पडद्यावर पुढच्या खोलीचा नंबर येतो आणि चालू पडायचं. कुणी ढकलत नाही, कुणी ओरडत नाही. मात्र गाऊनच्या नाड्या बांधताना पहिल्यांदा सगळेच चुकतात, तेव्हा लाजू नका, शेजारच्या आजी बांधून देतात.

शेवटी पेजेचं कूपन मिळतं. शाकाहारी मंडळी, लक्ष द्या: डीफॉल्ट पेज अ‍ॅबलोनी नावाच्या समुद्री गोगलगायीची असते. 'होबाक-जुक' मागा, म्हणजे लाल भोपळ्याची पेज. आपली भोपळ्याची खीर कुणीतरी वेलदोडा विसरून, साखरेत हात आखडून केली तर जशी लागेल तशी. चौदा तास उपाशी राहिल्यावर ती अमृत असते.

एंडोस्कोपीला मी पाच तारे देते आणि सहावा असता तर तोही दिला असता. या देशात पोटाचा कर्करोग भरपूर. म्हणून सरकारच्या राष्ट्रीय योजनेत चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी पोटाची तपासणी असते. जन्मसाल सम असेल तर सम वर्षी, विषम असेल तर विषम वर्षी. आपण परदेशी असलो तरी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ता भरतो, तेव्हा हक्क आपलाही आहे. इथे पोटाचा रोग लवकर सापडला तर माणूस वाचतो, आणि एंडोस्कोपी करून घेणाऱ्यांत पोटाच्या कर्करोगाने मरणारे कमी असतात हे इथल्याच आकडेवारीत दिसलेलं आहे. माझ्या पोटात हेलिकोबॅक्टर, म्हणजे पोटात घर करणारा एक जंतू, निघाला. दोन आठवडे गोळ्या खाल्ल्या, तोंडाला लोखंडाची चव यायची, पण गेला. शोधण्यासारखं होतं, शोधलं, सापडलं, काढलं. तपासणी अशी असावी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते.

बुकिंगच्या अ‍ॅपवर 'अ' गटातून दोन आणि 'ब' गटातून एक ऑप्शन फुकट निवडायचा असतो. फुकट म्हटल्यावर आपला हात कसा थरथरतो ते मी सांगायला नको. यादीत होतं: हाडांची घनता, मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी, अ‍ॅलर्जीची चाचणी, थायरॉइडची सोनोग्राफी. माझ्या मावशीला थायरॉइड आहे, आईला थायरॉइड आहे, बार्शीत आमच्या गल्लीत ज्या बाईला थायरॉइड नाही तिलाच लोक विचारतात 'तुला कसं नाही गं?' मी बिनधास्त टिक केलं.

इथे पहिला घोटाळा. आपल्याकडे 'थायरॉइड केलं' म्हणजे रक्त दिलं आणि टीएसएच बघितला. गळ्यातली ग्रंथी आळशी आहे की उतावळी, एवढंच त्यातून कळतं, आणि गोळी घ्यायची की नाही ते ठरतं. सोनोग्राफी हे वेगळंच प्रकरण. ती ग्रंथीचं काम बघत नाही, ग्रंथीत गाठी शोधते. आणि गाठी शोधल्या तर सापडतात. वय वाढेल तशा जास्त सापडतात, बायकांमध्ये त्याहून जास्त.

खोली अंधारी होती. मानेखाली उशी, हनुवटी वर. जेल कोमट होतं, याचंही कौतुक करते. मुलीने प्रोब उजवीकडून डावीकडे फिरवला, मग परत उजवीकडे आणला आणि थांबली. मी पडद्याकडे डोळे तिरपे करून पाहत होते. राखाडी ढगांत एक काळपट ठिपका. तिने माउसने ठिपक्याच्या एका कडेला अधिकचं चिन्ह ठेवलं, टक्. दुसऱ्या कडेला दुसरं, टक्. दोन अधिकांमध्ये तुटक रेघ आणि खाली आकडा: ४.३. मग प्रोब आडवा करून पुन्हा टक्, टक्. तोंडातून अवाक्षर नाही. चेहऱ्यावरून तर काहीच नाही, इथे त्यांना तेच शिकवतात. 'सुगोहाश्योस्सुम्निदा', दमलात, असं म्हणून तिने कागदाचा रुमाल हातात दिला.

दहा दिवसांनी काकाओटॉकवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, रिपोर्ट आला. अ‍ॅपकडून भाषांतर करून घेतलं: उजव्या बाजूला ४.३ मिलिमीटरची गाठ, संशयाची श्रेणी ४, म्हणजे मध्यम. त्याच दुपारी सेंटरच्या मुलीचा फोन. पुढच्या मंगळवारी सुईची तपासणी करता येईल, त्यांच्याच जोडीच्या हॉस्पिटलात, स्लॉट धरून ठेवू का? फार गोड आवाज. मी विचारलं, इतकी बारीक गाठ, सुई घालायलाच हवी का? 'निश्चित कळलं तर मन निश्चिंत होईल.' हे वाक्य मी पुढे बऱ्याच जणांकडून ऐकलं.

माझी तक्रार ती ही. इथल्याच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्या श्रेणीच्या गाठीला साधारण एक सेंटिमीटरच्या आत सुई घालत नाहीत. माझी त्याच्या निम्म्याहूनही लहान. हे सेंटरला माहीत असणारच. तरी रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नव्हती. होता तो फक्त लाल रंगातला 'पुढील तपासणी आवश्यक' हा शिक्का आणि एक फोन.

मंगळवारचा स्लॉट मी धरला नाही, पण त्या आठवड्यात झोपही आली नाही. टेस्टर माणूस रात्री तीनला काय करणार, लॉग वाचणार, म्हणजे आधी काय काय घडलं त्याच्या नोंदी. मी या देशाचा लॉग वाचायला घेतला.

आणि वाचता वाचता लक्षात आलं की मी ज्या खोलीत आडवी झाले होते त्या खोलीतून हा सबंध देश जाऊन आलाय. १९९९ मध्ये इथे सरकारी कर्करोग तपासणी योजना सुरू झाली. पोट, स्तन, गर्भाशयमुख, पुढे यकृत आणि मोठं आतडं. थायरॉइड त्या यादीत नव्हताच. पण हॉस्पिटलांकडे सोनोग्राफीची यंत्रं होती, लोक आलेलेच होते, तेव्हा तीस-पन्नास डॉलरांत गळाही बघून देऊ, अशी जोडविक्री सुरू झाली. कांदे घेताना कोथिंबीर टाकतात तशी, फक्त या कोथिंबिरीचे पैसे. १९९९ मध्ये दर लाख लोकांमागे ६.४ जणांना थायरॉइडचा कर्करोग निघत होता, २००८ मध्ये ४०.७ जणांना. या वाढीतल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव गाठी दोन सेंटिमीटरहून लहान. २०११ पर्यंत निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना सांगितलं गेलं की तुम्हाला कर्करोग आहे. पाच कोटींचा देश, आणि सगळ्यांत जास्त निघणारा कर्करोग कुठला, तर थायरॉइडचा.

आणि मरत किती होते? वर्षाला चारशेच्या आत. आधीही तेवढेच, नंतरही तेवढेच.

इथे माझ्यातला टेस्टर उठून बसला. पुण्यात माझ्या पहिल्या नोकरीत एका मॅनेजरला अवदसा आठवली होती: जो जास्त बग, म्हणजे चुका, शोधेल त्याला बक्षीस. महिन्याभरात बगांचा आकडा आठपट. कुठे स्पेलिंग चुकलंय, कुठे बटण दोन पिक्सेल डावीकडे आहे, सगळं नोंदवलं. आलेख बघून वरचे हादरले, प्रॉडक्ट बिघडत चाललंय म्हणाले. पण ग्राहकाकडे सर्व्हर बंद पडायचा तो महिन्यातून दोनदाच, आधीही आणि नंतरही. प्रॉडक्ट होतं तसंच होतं, आम्ही फक्त जास्त निरखून बघायला लागलो होतो. सापडलेल्यांचा आलेख उभा चढतोय आणि मरणाऱ्यांचा आडवा पडलाय, असे दोन आलेख शेजारी ठेवले की अजून काही सांगावं लागत नाही. रोगाची साथ खरी असती तर दुसरा आलेखही हलला असता. उपचारांनीच मृत्यू रोखून धरले म्हणावं, तर रोग पंधरापट वाढावा आणि उपचार नेमके तेवढ्याच मापाने सुधारावेत, दर वर्षी, न चुकता? असला योगायोग आमच्या धंद्यात कुणी खपवून घेत नाही.

हे सगळं जगापुढे मांडलं ते २०१४ मध्ये, कोरिया विद्यापीठाचे आन ह्यॉंग-सिक आणि अमेरिकेतले गिल्बर्ट वेल्च यांनी. इथल्या ज्या भागात लोक जास्त तपासणी करून घेतात तिथे रुग्ण जास्त, हेही त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी आठ डॉक्टरांनी मिळून जाहीर सांगितलं की धडधाकट माणसाच्या गळ्याची सोनोग्राफी करू नका. काही सर्जन चिडले. पण लोकांनी ऐकलं. वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी उतरल्या, आणि २०१५ पर्यंत वर्षाला निघणारे रुग्ण २५ हजारांच्या आसपास आले. एखादा कर्करोग वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी कमी होतो? सापडणं बातम्यांनी कमी होतं.

फिनलंडमधलं एक जुनं काम वाचून तर मी उठून पाणी प्यायले. १९८५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी इतर कारणांनी मेलेल्या १०१ लोकांच्या थायरॉइडचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप केले. शंभरातल्या पस्तीस-छत्तीस जणांत बारीकसा पॅपिलरी कर्करोग होता, म्हणजे थायरॉइडच्या कर्करोगाचा नेहमीचा प्रकार. त्यांना आयुष्यभर पत्ता नव्हता, आणि ते मेले ते दुसऱ्याच कशाने. काप आणखी पातळ केले असते तर आणखी सापडले असते. म्हणजे माझ्या गळ्यातला तो ठिपका समजा खरोखर कर्करोग असलाच, तरी माझ्यासारखे रोज सकाळी भुयारी रेल्वेत माझ्या शेजारी उभे असतात.

आकड्यांचं पुराण इथे थांबवते, कारण आकड्यांनी मला जेवढं पटलं नाही तेवढं आमच्या ओन्नीने पटवलं. 'ओन्नी' म्हणजे बाईने वयाने मोठ्या बाईला म्हणायचं ते, आपली ताई. आमच्या टीममध्ये ती सगळ्यांत सीनियर. तिचं ऑपरेशन २०१० चं, सहा मिलिमीटरची गाठ, अशाच कंपनीच्या तपासणीत सापडलेली. सगळी ग्रंथी काढली. त्या काळात जवळजवळ प्रत्येकाचंच ऑपरेशन करत, तिघांत एखाद्याची ग्रंथी थोडी ठेवत, बाकीच्यांची सगळी काढत. तिला काखेतून रोबोटने करायचंही सुचवलं होतं, म्हणजे गळ्यावर व्रण दिसत नाही. ही पद्धत याच देशात निघाली. पण तेवढे पैसे नव्हते, म्हणून तिच्या गळ्यावर मंगळसूत्राच्या जागी एक फिकट रेघ आहे. मी इतकी वर्षं ती सुरकुती समजत होते.

त्या आठवड्यात तिने मला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि ड्रॉवरमधली डबी आणून समोर ठेवली. एक गोळी थायरॉइडची: सकाळी सहाला उपाशीपोटी, नंतर अर्धा तास कॉफी नाही, जन्मभर. दुसऱ्या कॅल्शियमच्या. ऑपरेशनमध्ये शेजारच्या बारक्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. तिच्या बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. मी नंतर पाहिलं, कोरियातल्या हजारो ऑपरेशनांच्या आढाव्यात अकरा टक्के लोकांना हा त्रास निघाला आणि दोन टक्क्यांना स्वरयंत्राची नस जाण्याचा. ओन्नीची नस गेली नाही, फक्त वरचे सूर गेले. पूर्वी ती नोरेबांगला, म्हणजे गाण्याच्या खोलीत, माइक सोडायची नाही. आता खंजिरी वाजवते.

'तुला पश्चात्ताप होतो का?' मी विचारलं.

'कसला? मला सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, लवकर सापडलं. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. माझ्या दोन बहिणींना मीच तपासायला पाठवलं.' मग चमच्याने सूप ढवळत म्हणाली, 'त्या दोघींचंही झालं.'

इथले लोक याला 'छाखान आम' म्हणतात, भला कर्करोग. कुणी 'कासव कर्करोग'ही म्हणतं. पाच वर्षांनी किती जण जिवंत असतात याचा इथला सरकारी आकडा शंभर टक्क्यांच्या वर जातो, १००.१. ही छपाईची चूक नाही. रुग्णांची तुलना त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांशी करतात, आणि थायरॉइड कर्करोगाचे 'रुग्ण' इतरांपेक्षा केसभर जास्त जगतात. असा रोग मला तरी दुसरा माहीत नाही. ओन्नीला विम्याचे पैसेही मिळाले होते, त्यातून किमचीचा फ्रिज घेतला. पुढे विमा कंपन्या शहाण्या झाल्या आणि थायरॉइडला 'छोट्या रकमेचा कर्करोग' करून टाकलं. माणसाच्या गळ्यावर सुरी चालवण्याआधी जी शंका यायला हवी होती ती त्यांना पैसे देताना आली.

तर माझं पुढे काय झालं. सेंटरच्या जोडीचं हॉस्पिटल सोडून मी दुसऱ्या एका एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या ग्रंथींच्या डॉक्टरकडे, गेले. साठीचे गृहस्थ, टेबलावर निवडुंगाच्या कुंड्या. त्यांनी सीडी लावली, त्या दोन अधिकांकडे पाहिलं, माझ्या मानेवरून हात फिरवला, बाजूच्या गाठी चाचपल्या. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग? लहानपणी मानेला किरणोपचार? आवाज बसतो? गिळताना अडकतं? चारही नाही. मग म्हणाले, वर्षाने या. मी म्हटलं, समजा कर्करोग असला तर? तर तेव्हा बघू. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून अशा बारक्या कर्करोगांना हात न लावता नुसती पाळत ठेवतात. दहा वर्षांत शंभरातल्या आठेकांची गाठ तीन मिलिमीटरने वाढते, चारेकांच्या मानेतल्या लसीकाग्रंथींत पसरते, आणि तेव्हा ऑपरेशन केलं तरी उशीर झालेला नसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग ओपन ठेवायचा, प्रायॉरिटी लो, दर रिलीजला एकदा बघायचा. सबंध भेट अकरा मिनिटांची. या डॉक्टरांना पाच तारे. त्यांचंही नाव देत नाही, कारण मग ग्रुपमधले सगळे तिकडे जातील आणि मला अपॉइंटमेंट मिळणार नाही.

आईला फोनवर सांगायची चूक मी केलीच.

'गाठ हाय म्हणल्यावर काढून टाकायची की! सांभाळतीस कशाला?'

'आई, चार मिलिमीटरची आहे.'

'म्हंजे केवढी?'

'साबुदाण्याएवढी.'

थोडा वेळ शांतता. 'भिजलेला का कोरडा?'

'कोरडा.'

'मग ऱ्हाऊ दे,' आई म्हणाली. अकरा मिनिटांच्या भेटीत आणि तीन रात्रींच्या वाचनात मला जे कळलं ते तिला एका प्रश्नात कळलं.

बार्शीचं नाव आलंच आहे तर एक सांगते. आमच्या गावात १९८७ पासून कर्करोगाची नोंदवही आहे, खेड्यापाड्यांची देशातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगावी माणसं फिरतात: कुणाला गाठ आहे का, बरी न होणारी जखम, अंगावरून जास्त जातंय का. माझ्या आजोळी, परांड्याकडे, त्यांना 'क्यान्सरवाले' म्हणायचे आणि आजी त्यांना बळेच चहा पाजायची. त्या नोंदीत थायरॉइडचा आकडा नगण्य असतो. त्याच देशात तिरुवनंतपुरमच्या नोंदीत बायकांमध्ये तो कितीतरी वर. केरळच्या बायकांच्या गळ्यात काय वेगळं असेल यावर मी आधी बराच विचार केला: मासे, समुद्र, मिठातलं आयोडीन. आता वाटतं, त्यांच्या गल्लीत सोनोग्राफी सेंटरं किती आहेत ते आधी मोजावं. आजोळच्या बायकांच्या गळ्यातही कोरडे साबुदाणे असतीलच की. तिथे माउसने टक् करणारं कुणी नाही. अर्थात तिथे मोठी गाठसुद्धा उशिराच डॉक्टरपर्यंत पोचते. तोही काही अभिमानाचा विषय नाही.

म्हणून हे नीट वाचा, नाहीतर उद्या ग्रुपवर 'वैशालीने गळ्याची तपासणी करू नका म्हणून सांगितलंय' असं फिरेल. गळ्यावर हाताला गाठ लागतेय, ती वाढतेय, आवाज महिनाभर घोगरा आहे, जवळच्या नात्यात हा कर्करोग आहे, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालंय, तर सोनोग्राफी करायचीच, आणि आजच. थायरॉइडच्या कर्करोगाने माणसं मरतात. कमी, पण मरतात. मी बोलतेय ते धडधाकट माणसाने फुकट आहे म्हणून केलेल्या टिकबद्दल. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०१७ मध्ये, काही त्रास नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये असंच सांगितलं. पुण्या-मुंबईत पॅकेजं विकणाऱ्यांनी आता टीएसएचच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफीही घुसवायला सुरुवात केलेली मला दिसते, म्हणून हे मराठीत लिहितेय. आणि कोरिया शिकला असं समजू नका. २०२१ मध्ये इथे पुन्हा थायरॉइड पहिल्या नंबरवर आला, ३५ हजारांच्या वर.

हिशेब. कंपनीने माझे पैसे भरले. नवऱ्याचं पॅकेज आम्ही स्वतः घेतलं, चार लाख वॉन, रुपयांत चोवीस-पंचवीस हजार. एंडोस्कोपी, मॅमोग्राफी आणि एकूण व्यवस्था धरली तर पैसे वसूल. भाषेला तीन तारे: इंग्रजी बोलणारी एकच मुलगी आहे आणि ती सगळ्यांत शेवटच्या खोलीत बसते. रिपोर्टला दोन, त्या लाल शिक्क्यामुळे. आणि त्या फुकटच्या सोनोग्राफीचा खर्च: एक डॉक्टरभेट, अर्ध्या दिवसाची रजा दोनदा, आठवडाभराची झोप, आणि दर वर्षी पुन्हा ते कोमट जेल. ठिपका एकदा दिसला की 'पाहिलंच नाही' असं करता येत नाही.

यंदाचं बुकिंग कालच केलं. अ‍ॅपने मागच्या वेळचे ऑप्शन आपोआप टिक करून ठेवले होते. नवऱ्याच्या फॉर्मवरची थायरॉइडची टिक काढली, तर खिडकी उघडली: 'आपल्या वयोगटात ही तपासणी लोकप्रिय आहे. नक्की काढायची?' नक्की. त्या जागी त्याच्यासाठी हाडांची घनता घेतली, माझ्यासाठी अ‍ॅलर्जी. तारीख नोव्हेंबरातला मंगळवार. डिसेंबरात जाऊ नका, सबंध कोरिया शेवटच्या आठवड्यात जागा होतो आणि साडेअकरापर्यंत भोपळ्याची पेज संपलेली असते.